अकरा नकला

१

आमच्या धुळ्याच्या घरी बैठकीच्या खोलीत अकरा तलवारी टांगलेल्या होत्या आणि अकराही खोट्या होत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण घरी येणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यातच दचकायचा आणि मग यांना हेच सांगावं लागायचं.

हे हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर. खऱ्या तलवारीला सरकारचा परवाना लागतो, तो मास्तराला कोण देणार? म्हणून सुट्टी लागली की हे कागद, दोरा आणि पेन्सिल घेऊन बाहेर पडायचे. कुणाच्या देवघरात, कुणाच्या माळ्यावर जुनं पातं आहे असं कळलं की तिथं जायचं, पात्याखाली कागद पसरायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची, जाडी दोऱ्यानं मापायची. मग तो खाका झिपरू लोहाराकडे. झिपरू मोटारीच्या जुन्या कमानीतून पातं काढायचा, मूठ बसवायचा आणि मुठीखाली, दिसणार नाही अशा जागी, छिन्नीचे तीन ठिपके मारायचा. ती त्याची खूण. धार मात्र लावायची नाही, असा यांचा नियम.

पाहुण्यांसमोर हे अंगठा पात्यावरून सर्रकन ओढायचे. "हिच्यानं भोपळासुद्धा कापला जायचा नाही."

"मग मास्तर, उपयोग काय?"

"बघायचं," हे म्हणायचे.

आणि खरंच बघायचे. शाळेतून आले की हात मागे बांधून एकेकीसमोर उभे राहायचे, जसा एखादा माणूस आपल्या बागेतून फिरतो.

माझ्याकडे काम पुसण्याचं. दर गुरुवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर. वाटीत करडईचं तेल, जुन्या धोतराचं फडकं. मुठीकडून टोकाकडे, एकदा वरून, एकदा खालून. चार-पाच वर्षांत हात इतका सरावला होता की डोळे मिटूनही मी सांगितलं असतं कोणती कुठली.

बेचाळीस सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. शेवटचा, अकरावा, खांडा. सरळ, रुंद, दोन्ही अंगांनी सारखा. फडकं टोकाजवळ आलं आणि अडकलं.

मी ओढलं. सूत तुटल्याचा बारीक आवाज झाला.

टोकापासून चार बोटांवर तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. मागच्या गुरुवारी ती नव्हती.

माझी पहिली समजूत अशी झाली की माझ्याच हातून खांडा ट्रंकेच्या कोपऱ्यावर आपटला असेल. मूळ पात्याला खाच असली तरी हे खाक्यात ती भरून काढत. "नक्कल करायची तर तिच्या तरुणपणाची," असं म्हणत. मोडकी वस्तू त्यांच्या भिंतीवर कधी चढली नव्हती. मी खांडा उलटा फिरवला, खाच खालच्या अंगाला गेली, आणि गप्प राहिले.

२

आमची एकुलती एक मुलगी पुष्पा. अठरा वर्षांची. तिचं लग्न शिंदखेड्याकडच्या अभिमनसिंगाशी ठरलं होतं. मुलगा फौजेत नाईक होता. एकदाच बघायला आला तेव्हा यांच्या तलवारींसमोर सलाम ठोकून उभा राहिला आणि सगळे हसले. पुष्पानं आतून फटीतून पाहिलं. त्यानंतर घरात कुणी "अभिमन" एवढं म्हणायचा अवकाश, की ती लाल होऊन चूल फुंकायला पळायची. चूल पेटलेली असली तरी.

वैशाखातला मुहूर्त होता. मांडव घातला, आणि चार दिवस आधी मुलाचे चुलते हिलालनाना तार घेऊन आले. रजा रद्द. पलटण हलणार.

"नाना, तिथी पुढे ढकलू," हे म्हणाले.

"पुढची मार्गशीर्षात. तोवर पोरगा कुठल्या मुलखात असेल कोणाला ठाऊक?" नानांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मास्तर, आपल्या राजपुतांत नवरदेव लढाईवर असला तर त्याच्या खांड्याशी लग्न लागतं. माझ्या आजीचं तसंच लागलं. सहा महिन्यांनी आजा आला आणि कंकण सोडलं. अडलं काही?"

"मग तुमचा खांडा आणा."

"आमचा चौकीत जमा. मागच्या गडबडीत गावातलं बठ्ठं लोखंड उचललं त्यांनी. विळे तेवढे सोडले, उपकार!" नानांची नजर भिंतीवर गेली आणि ते खदखदून हसले. "व्याहीबुवा, तुमच्याकडे तर अकरा नवरदेव टांगलेत की!"

हे हसले नाहीत. हात मागे बांधून भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी शेवटच्या खुंट्यांवरून खांडा उतरवला.

"दुसरी घ्या ना," मी म्हणाले. "ती लांब मुठीची किती छान दिसते."

"नाही. हाच."

तेव्हाच खाचेबद्दल सांगायला हवं होतं. लग्नाच्या कामाला मोडकी वस्तू नको, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण नाना समोर होते.

३

खांड्याला पाटावर उभं केलं. मुठीला मुंडावळ्या बांधल्या, हळद लावली, पिवळ्या सुताचं कंकण बांधलं. अंतरपाट धरला. पोरीबाळी खिदळत होत्या. "नवरदेव फार बारीक आहे गं," असं कुणीतरी म्हटलं आणि पुष्पाही अंतरपाटाआड हसली. ते मी ऐकलं. तिचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

अंतरपाट दूर झाला. तिनं माळ घातली.

फेऱ्यांना हिलालनाना खांडा धरून पुढे, पुष्पा मागे, उपरण्याला पदराची गाठ. तिसऱ्या फेऱ्यात नाना थांबले, त्यांनी हात बदलला. चौथ्यात पुन्हा बदलला.

"मास्तर, काय घातलंय यात?" ते नंतर घाम पुसत म्हणाले. "उचलला तेव्हा एवढा जड नव्हता हो."

"वय झालं, नाना!" मांडवातून कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

नवरा आल्याशिवाय मुलगी सासरी जायची नाही आणि कंकणं सुटायची नाहीत, असं ठरलं. एक पुष्पाच्या मनगटावर राहिलं, एक मुठीला. खांडा पुन्हा आपल्या खुंट्यांवर गेला.

४

पहिल्यांदा मला दिसलं ते अगदी लहान होतं.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर डोक्यावरून पदर पुढे ओढते. माहेरी मात्र मुलगी मोकळ्या डोक्यानं फिरते. पुष्पा स्वयंपाकघरात, अंगणात, विहिरीवर तशीच फिरायची. पण बैठकीच्या उंबऱ्याशी आली की थांबायची, दोन्ही हातांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढायची आणि मग आत पाऊल टाकायची. खोलीत कुणी नसताना.

मी मनाशी म्हटलं, पोर सवय करून घेते आहे. सासरी जायचं आहे तिला.

मग दुपारचे आवाज. मी माजघरात गहू निवडत बसलेली असायची आणि बैठकीतून खुंटीवर लोखंड घासल्यासारखा किणकिण आवाज यायचा. झोपेत कूस बदलावी तसा, एकदाच. उन्हानं लाकूड तडकतं, लोखंडही आवाज करत असेल. शाळेत शिकल्याचं मला आठवलं. पण त्या आवाजामागून पुष्पाचा हलका आवाज यायचा. "आणते हं."

आणि ती पाण्याचा तांब्या घेऊन जायची.

"कोणाला गं पाणी?"

"ठेवलं आपलं," ती म्हणायची. संध्याकाळी मी तांब्या उचलायची. कधी भरलेला असायचा, कधी नसायचा. उन्हाळ्यात पाणी आटतं.

हे सगळं एक वेळ मी सोडून दिलं असतं. पण आषाढात अभिमनचं पहिलं पत्र आलं. पोस्टमननं दारातून हाक मारली. पुष्पानं पाकीट घेतलं, उलटंपालटं केलं आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाली,

"आई, अभिमनसिंगचं पत्र आलंय."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. आमच्यात कुठलीही लग्न झालेली बाई नवऱ्याचं नाव असं घेत नाही. मी सव्वीस वर्षांत घेतलेलं नाही. या लिहिण्यातही ते सापडणार नाही. आणि लाजून चूल फुंकणारी माझी मुलगी ते नाव असं म्हणाली, जसं दूधवाल्याचं म्हणावं.

"वाच की," मी म्हणाले.

"तू वाच. मी त्यांचं पत्र वाचणं बरं दिसत नाही."

५

श्रावणात शेजारच्या वच्छलाबाई आणखी दोघी-तिघींना घेऊन हळदीकुंकवाला आल्या. वच्छलाबाई म्हणजे सगळ्या गल्लीला हसवणारी बाई. बैठकीत सतरंजी घातली होती. पुष्पा पदर ओढून कोपऱ्यात बसली.

"अगं, आम्हांला काय लाजतेस? आम्ही काय तुझे दीर आहोत?" वच्छलाबाईंनी तिची हनुवटी धरली. "चल, नाव घे. नाव घेतल्याशिवाय मी जागची हलत नाही. रात्रीचा स्वयंपाक तुमच्याकडेच समजा."

"अभिमनसिंग," पुष्पा म्हणाली.

बायका हसल्या. "असं कोरडं? हजेरी घेतेस का? उखाण्यात घे, नवऱ्याचं नाव घे नीट!"

पुष्पानं पदराआडून वच्छलाबाईंकडे पाहिलं. गोंधळल्यासारखं.

"नवऱ्याचं होय?" ती म्हणाली. "ते त्यांनी मला अजून सांगितलं नाही."

कुणीच हसलं नाही. भिंतीवर किणकिण झालं, आणि वच्छलाबाईंनी कुंकवाचा करंडा उचलून दुसऱ्या हातात घेतला. मग "बराच उशीर झाला गं बाई," असं काहीतरी म्हणत सगळ्या उठल्या. चारही वाजले नव्हते.

त्या दिवशी मला कळलं की मी कशाला घाबरते आहे. अभिमन मरेल याला नाही. तो येईल, दारात उभा राहील, आणि माझी मुलगी त्याच्याकडे परक्या माणसासारखी बघेल, याला.

६

दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी खांडा चादरीत गुंडाळून झिपरूकडे नेला.

"वितळव," मी म्हणाले. "विळे कर, पराती कर, काहीही कर."

"अक्का, मास्तर मला वितळवतीन," तो हसत म्हणाला. पण माझा चेहरा बघून त्यानं चादर सोडली. मुठीचं कंकण न दुखवता त्यानं मूठ विस्तवावर धरली, मूठ चिकटवणारी लाख मऊ केली, मूठ जराशी सरकवली आणि खाली पाहिलं. अंगठ्यानं पुसून पुन्हा पाहिलं. मग मूठ परत बसवली आणि खांडा माझ्याकडे न देता जमिनीवर ठेवला.

"अक्का, हाई मन्हं काम नही शे."

"म्हणजे?"

"तीन ठिपका नही शेत. आनि इतकं जुनं लोखंड मी कोठून लयसू?" त्यानं पाण्याच्या कुंडात दोन्ही हात बुडवले. "हळद लागेल शे याले. मी हात नही लावाव. घरी लई जा."

संध्याकाळी हे आले तेव्हा खांडा मी सतरंजीवर मधोमध ठेवला होता, खाच वरच्या अंगाला. यांनी टोपी काढली, खाचेकडे पाहिलं, आणि विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच मला समजलं.

"तुम्हांला ठाऊक होतं."

ते सतरंजीवर बसले आणि सांगू लागले. या खांड्याचं मूळ साक्रीपलीकडच्या एका खेड्यात, भागाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी होतं. ती ते कधी बाहेर नेऊ द्यायची नाही. दुपारी त्याच्यापुढे ताट मांडायची. ही गोष्ट हे मला पूर्वी हसत हसत सांगत असत. दिवाळीच्या सुट्टीत हे आपली नक्कल तिकडे घेऊन गेले होते, दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायला. घरात उजेड कमी. नक्कल इतकी साधली होती की उचलताना हात चुकला.

"मुद्दाम नाही गं. मोटारीत बसल्यावर चादर सोडली तेव्हा खाच दिसली. परत जायला हवं होतं. पण..." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "आयुष्यभर खोट्याच केल्या मी. एक तरी खरी घरात असावी, असं वाटलं."

"आणि लग्नाला?"

"खोट्याशी कसं लावू पोरीचं लग्न?" त्यांनी टोपी सतरंजीवर टाकली. "खोट्या लोखंडाला माळ घालायला लावू तिला? म्हणून हा दिला. त्यातल्या त्यात खरा म्हणून दिला."

आत स्वयंपाकघरात पुष्पा भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता.

७

आम्ही दोघं खांडा परत करायला निघालो. निघताना पुष्पानं दशम्यांच्या पुरचुंड्या हातात दिल्या. तीन होत्या.

"तिसरी कोणाला?"

"वाटेत भूक लागते ना," ती म्हणाली. पदर पुढे ओढलेला होता.

कोळशाच्या ग्यासवर चालणारी मोटार धापा टाकत साक्रीला पोचली. पुढे बैलगाडी. चादरीतलं ओझं यांनी मांडीवर आडवं धरलं होतं आणि त्यांचे पाय भारानं थरथरत होते. तिसरी पुरचुंडी आम्ही उघडली नाही.

भागाबाई ओट्यावर बसली होती. वाळलेली, ताठ, स्वच्छ. यांना बघून ती रागावली नाही. आत नेलं. कोनाड्याखाली चौरंगावर यांची नक्कल होती, तिच्यावर धूळ. चौरंगापुढची जमीन मात्र रिकामी.

"हाई तुमनी शे," ती म्हणाली. "हिन्हापुढे मी ताट नही मांडस. त्याच दिनले समजनं माले."

"मग निरोप का नाही धाडला?" यांनी विचारलं.

"त्याले जायनं व्हतं, गया." एवढंच ती म्हणाली.

यांनी चादर सोडली. म्हातारीनं खांडा सहज, एका हातानं उचलला. तिची बोटं मुठीवर फिरली, हळदीवर, मग कंकणावर थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. चेहरा पहिल्यांदाच हलला; मला तो आनंदच वाटला.

"लगीन लागी गयं?" ती म्हणाली. "मंग एखलाच उना का हाऊ? नवरी कोठे शे?"

"ती माझी मुलगी आहे," मी म्हणाले. "तिचा नवरा फौजेत आहे. तो येणार आहे. आजी, हे चुकून झालं. तुम्ही सांगा ना, काय करायचं ते करू. कंकण सोडा तुम्ही."

"ते नवरीनीच सोडानं ऱ्हास," ती अगदी मायेनं म्हणाली.

मग ती चुलीपाशी गेली. भाकरी, डाळ, मिरचीचा ठेचा, एक ताट वाढून तिनं चौरंगापुढे ठेवलं. क्षणभर थांबली. फळीवरून दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि पहिल्याच्या शेजारी, डावीकडे, ठेवलं.

आम्ही नक्कल उचलून निघालो. यांनी ती घरी आणलीच नाही. परस्पर झिपरूच्या दुकानात टाकली आणि म्हणाले, "विळे कर." झिपरूनं मूठ सरकवून पाहिली. तीन ठिपके होते.

घरी पुष्पानं दार उघडलं.

"ठेवून आलात?"

"हो."

"बरं." ती बाजूला झाली. हे आत गेले, मी आत गेले. ती मात्र दाराशी तशीच बाजूला उभी राहिली, मान खाली, पदर डोळ्यांवर. मग तिनं कडी लावली.

८

आश्विनात अभिमनचं पत्र आलं. पंधरा दिवसांची रजा, गुरुवारी पोचतो.

त्या सकाळी मी पुष्पाला न्हाऊ घातलं, तिच्या मनगटावरचं मळलेलं कंकण नीट केलं. "आज हे सुटेल हं," मी म्हणाले. तिनं हात काढून घेतला नाही. मला आशा वाटली. खांडा घरात नव्हता. महिनाभर आवाज नव्हता. निदान मी ऐकला नव्हता. मी मनाशी एकच खूणगाठ बांधली होती: अभिमन दारात आला आणि तिनं पदर पुढे ओढला, की सगळं ठीक आहे. मग मी काही विचारणार नाही.

दुपारी जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून मी तेलाची वाटी आणि फडकं घेतलं. हे स्टेशनवर गेले होते. एक, दोन, तीन. मुठीकडून टोकाकडे. हात चालत होता आणि कान रस्त्याकडे होते. नववी पुसली, दहावी पुसली. टांग्याची घंटा वाजली. यांचा आवाज, आणि दुसरा, तरुण, हसरा.

दार उघडं होतं. अभिमन उंबऱ्यात आला. खाकी कपडे, उन्हानं काळवंडलेला, खांद्यावरची पिशवी उतरवताना गडबडलेला. चांगला मुलगा. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि आतल्या दाराकडे पाहिलं.

पुष्पा तिथं उभी होती. मोकळ्या डोक्यानं.

"या, अभिमनसिंग," ती आलेल्या पाहुण्याला म्हणावं तशी म्हणाली. "बसा. पाणी आणते."

तो हसायला गेला आणि थांबला. कारण ती आता त्याच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे, माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. तिनं दोन्ही हातांनी पदर धरला आणि हळूच डोळ्यांपर्यंत खाली ओढला.

माझा हात सवयीनं पुढे गेला होता. दहाव्या तलवारीनंतर, अकराव्याच्या जागी, दोन रिकाम्या खुंट्यांमधल्या हवेतून फडकं फिरत होतं. टोकापासून चार बोटांवर ते अडकलं.

मी ओढलं. सूत तुटल्याचा बारीक आवाज झाला.

मी फडकं सोडलं. ते खाली पडलं नाही.